रिकाम्या फ्रेमपुढची सतरंजी

"सर, टोपी काढा बघू जरा," रेवती म्हणाली.

मी टोपी काढली. स्टाफरूमची ट्यूबलाइट नेमकी माझ्या डोक्यावर होती. रेवतीनं मला डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि जुन्या बाजारात हवी ती वस्तू सापडल्यासारखा तिचा चेहरा उजळला.

"बसाल का तुम्ही?"

"कुठे?"

"घड्याळ चौकात. सुतकात."

माझे केस तिशीतच गेले. त्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं आणि कुणाचं काही भागलंही नव्हतं. आता पहिल्यांदाच त्यांच्या नसण्याला मागणी आली होती. मी भूगोल शिकवायचो. ज्यांना ऐकायचं नाही अशा माणसांसमोर तासन्‌तास बसायचा सराव होता. शिवाय नाही म्हणायची सोय नव्हती. कला महोत्सव गावचा असला तरी पैसा कंपनीचा होता, आणि आमच्या कॉलेजच्या नव्या इमारतीवरही कंपनीचंच नाव होतं, कॉलेजच्या नावापेक्षा चांगलं वीतभर मोठं.

रेवती चिपळोणकर पुण्याची. चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेऊन तिनं चित्रं काढणं सोडून दिलं होतं. महोत्सवाला तिच्याबरोबर चौकात बसणारा एक कलावंतही आला होता. तो आमच्या नळाचं पाणी प्यायला आणि दुसऱ्याच दिवशी बऱ्याच घाईत पुण्याला परतला.

"म्हणजे नाटकच ना हे?" मी विचारलं.

"नाटक नाही, सर. ही कृती आहे. चौकात सतरंजी. खुर्चीवर फोटोची मोठी फ्रेम. फ्रेमला हार, पुढे दिवा, उदबत्ती. शेजारी डोकं भादरलेला, पांढऱ्या कपड्यातला एक माणूस. तीन दिवस. लोक काय करतात ते बघायचं."

"फोटो कुणाचा?"

"कुणाचाच नाही. फ्रेम रिकामी. अनुपस्थिती."

"कुणाची?"

"कुणाचीच नाही, सर."

मी पुढे विचारलं नाही. भूगोलात एखादी गोष्ट नसली तरी ती कुठे नाही हे नकाशावर दाखवावं लागतं. कलेत लागत नसावं.

याला आता वीस-बावीस वर्षं झाली. घड्याळ चौकात तेव्हाही घड्याळ नव्हतं. मी नोकरीला लागायच्या आधी ते दुरुस्तीला नेलं होतं. उरला होता तो मनोरा, त्याच्या पायथ्याशी फरशीचा कट्टा, आणि समोर रस्त्यापलीकडे भाजीवाल्यांची ओळ. कट्ट्याखाली सतरंजी पसरली. महोत्सवाचे अध्यक्ष गुगळेशेठ स्वतः हार घेऊन आले. ते कापडाचे व्यापारी. सतरंजी त्यांच्याच दुकानातली होती आणि तिच्या कोपऱ्यावर दुकानाचं नाव होतं.

"हार बघा सर, कसला आहे," गुगळेशेठ म्हणाले. "कंपनीच्या नव्या बागेतले गुलाब. साहेबांनी सांगितलंय, तिन्ही दिवस रोज ताजा पाठवतो."

बसलेल्या माणसानं बोलायचं नाही असं ठरलं होतं. मी मान हलवली. तीही हलवायची नाही, असं रेवतीनं खुणेनं सांगितलं.

पहिली आली ती शालन. ती कोथिंबीर, मिरच्या, लिंबं घेऊन समोरच बसायची. हातात पाणी शिंपडायचा डबा तसाच घेऊन ती रस्ता ओलांडून आली आणि सतरंजीच्या कडेला उभी राहिली.

"कोन गेलं?"

"कुणी नाही, मावशी," रेवती म्हणाली. शालन तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. "ही कला आहे."

"मग फोटो कुनाचा लावनार?"

"कुणाचाच नाही. असंच राहणार."

शालननं फ्रेमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी गेली कित्येक वर्षं तिच्याकडून कोथिंबीर घ्यायचो. पण तिनं ओळख दाखवली नाही. सुतकात बसलेल्या माणसाला दाखवत नाहीत.

"आन लोकं येतील? बसायला?"

"येतील की. त्यासाठीच तर."

"कुनी गेलं नसताना येतील?"

"बघू या ना," रेवती उत्साहानं म्हणाली.

"बगू या," शालन म्हणाली आणि आपल्या कोथिंबिरीकडे परत गेली.

शालनचं सांगायला हवं. तिचा नवरा भास्कर खिलारे ठेकेदाराकडून कंपनीत जायचा, सांडपाण्याच्या टाक्या साफ करायला. महोत्सवाच्या आधीच्या दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी कामावर गेला तो परत आला नाही. कंपनी म्हणाली, त्या दिवशी तो गेटातून आत आलाच नव्हता. ठेकेदार म्हणाला, त्याचं बाहेर कुठेतरी होतं, तिकडे गेला असेल. गावानं दोन्ही ऐकून घेतलं. गावात घरटी एक माणूस कंपनीत, आणि उरलेल्यांची दुकानं त्या माणसांच्या पगारावर. तेव्हा गावानं ठरवलं की भास्कर हरवला. पोलिसांत तशी नोंद झाली. हरवलेल्या माणसाच्या घरी कुणी समाचाराला जात नाही, त्यामुळे शालनकडेही कुणी गेलं नाही. पण आमचं गाव माणुसकी सोडणारं नव्हे. कोथिंबिरीची जुडी उचलता उचलता आम्ही सगळेच तिला विचारायचो, "काही पत्ता?" ती म्हणायची, "न्हाई." मग आम्ही म्हणायचो, "येईल, येईल," आणि वर दोन मिरच्या घ्यायचो.

तिच्या कपाळावर कुंकू ठसठशीत असायचं. सासू रोज सकाळी आधी ते तपासायची, मग तिला बाजाराला सोडायची.

पहिल्या दिवशी सकाळभर लोक लांबून बघत होते. हवालदार तांबट मोटारसायकलवरून आले आणि न उतरताच म्हणाले, "उपोषण का? मागण्या कुठायत?" रेवतीनं परवानगीचा कागद दाखवला. दोन कॉलेजची पोरं सिनेमाचं शूटिंग समजून केस विंचरून आली. एक म्हातारी रेवतीला झाडून गेली, "घर न्हाई का गं ह्या मानसाला? रस्त्यावर बशिवलाय!"

मग निवृत्त तलाठी डिंगरे आले. सतरंजी दिसली तशी त्यांनी चपला काढल्या. समाचार म्हटला की डिंगरे तलाठी हातचं सोडून जायचे. गावातलं एकही मरण त्यांनी चुकवलं नव्हतं. माझ्यासमोर येऊन ते मांडी घालून बसले. समाचाराला आलेल्या माणसानं जितका वेळ काही बोलायचं नसतं तितका वेळ बोलले नाहीत. मग एक सुस्कारा टाकला.

"काय झालं होतं?"

मी खाली बघत राहिलो.

"बरोबर आहे. बोलवत नाही माणसाला," डिंगरे म्हणाले. "फार भोगलं नाही ना?"

मी दिव्याकडे पाहिलं.

"सुटलं म्हणायचं, दुसरं काय." आणखी थोडा वेळ बसून ते गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि काही न बोलता चालते झाले. समाचाराहून निघताना 'येतो' म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत आहे. बसलेल्यांनीही 'या' म्हणायचं नाही. म्हटलं तर तसलं काही पुन्हा त्या घरात येतं.

कोण गेलं हे त्यांनी विचारलं नव्हतं. फ्रेमकडे त्यांनी पाहिलं होतं, नमस्कारही केला होता. पण आत कुणी नाही हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, मला सांगता येणार नाही.

डिंगरे बसले म्हटल्यावर माणसं येऊ लागली. संध्याकाळपर्यंत सतरंजीच्या कडेला चपलांची रांग लागली. गवंडीकाम करणारा एक माणूस माझ्यासमोर बराच वेळ मुकाट्यानं बसला आणि एकदम म्हणाला, "माझी आई गेली तेव्हा मी मस्कतला होतो." एवढंच बोलून तो ओक्साबोक्शी रडायला लागला. शेजारच्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ते शेजारचे त्याला ओळखत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ही कला आहे, खरं कुणी गेलेलं नाही, हे गावभर झालं. मला वाटलं, आता कुणी फिरकणार नाही. गर्दी दुप्पट झाली.

"सर, तुम्ही होय!" डिंगरे माझ्यासमोर बसत म्हणाले. "काल ओळखलंच नाही हो. तुमच्यापायी घरी जाऊन थंड पाण्यानं आंघोळ केली. खोकला झालाय." मग आवाज उतरवून त्यांनी रेवतीला विचारलं, "ताई, कलेचं सुतक लागत नाही ना?"

"नाही," रेवती म्हणाली.

"मग ठीक आहे," डिंगरे म्हणाले आणि ऐसपैस बसले.

तीच खरी गंमत होती. आंघोळीची कटकट नाही, दहाव्याला जावं लागत नाही, पुढे कुणाची विचारपूस करायला नको. नुसतं बसायचं आणि ज्याला जे आठवेल त्याला रडायचं. बायका तर दुपारची कामं आटोपून घोळक्यानं येऊ लागल्या. मागच्या आळीतल्या कुमठेकर काकूंनी झाकणाच्या डब्यातून पिठलं-भात आणला. "सुतकातल्या घरी चूल पेटत नाही," त्या म्हणाल्या. "कला असली म्हणून काय झालं, रीत ती रीत." मी तो डबा खाल्ला. खायचं नाही असा नियम नव्हता. कुणाच्या मरणाचा घास होता ते ठाऊक नव्हतं, पण पिठलं चांगलं होतं.

रेवती कॅमेरा घेऊन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळत होती. "सर, कल्पनेच्या पलीकडे आहे हे," ती माझ्या कानाशी म्हणाली. "रिकाम्या जागेसाठी अख्खं गाव रडतंय!"

समोर शालन मिरच्यांच्या ढिगावर पाणी शिंपडत होती. तिच्याकडे गिऱ्हाईक कमी होतं. सगळे इकडे बसले होते.

दुपारी गाड्या आल्या. कंपनीचे मोठे साहेब महोत्सव पाहायला निघाले होते. गुगळेशेठ पुढे धावले, हवालदार तांबटांनी गर्दी मागे सारली, आणि साहेबांना बूट काढावे लागतील की नाही यावर थोडी कुजबुज झाली. साहेबांनी बूट काढले. जमिनीवर बसायची त्यांना सवय नव्हती. दोघांनी दंडाला धरून बसवलं. फोटोग्राफर गुडघ्यावर आला. साहेबांनी हात जोडले, डोळे मिटले, मान किंचित खाली घातली. दुःख त्यांना चांगलं जमलं.

"किती वेळ?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"बास, साहेब," गुगळेशेठ म्हणाले.

साहेबांनी डोळे उघडले. "गुलाब आपल्या बागेतले ना?"

"हो, साहेब. आजच सकाळचे."

"छान आलेत," साहेब म्हणाले. माती चांगली लागली की बागेचं असं होतं, असंही काहीसं म्हणाले. मग दोघांच्या आधारानं उठले, मला हात जोडले, आणि मोकळेपणानं म्हणाले, "बरं आहे. येतो."

सतरंजीवरच्या सगळ्यांच्या अंगावर काटा आला. कुमठेकर काकूंनी तोंडाला पदर लावला. पण साहेब परप्रांतातले होते, त्यांना कोण सांगणार.

गाड्या निघाल्या तेव्हा मधला पडदा बाजूला झाल्यासारखी समोरची भाजीची ओळ दिसली. शालन उभी होती. हातातला डबा वाकडा झाला होता आणि पाणी मिरच्यांवर न पडता तिच्या पायावर पडत होतं.

तिसऱ्या दिवशी ती भाजी घेऊन आलीच नाही. ती आली दुपारी, सतरंजी भरलेली असताना. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि हातात नेहमीचा डबा. तिनं चपला काढल्या, त्या रांगेत नीट ठेवल्या, आणि बसलेल्यांच्या मधून वाट काढत थेट फ्रेमपाशी गेली.

आधी तिनं हार काढला. तो फेकला नाही. पुडीत बांधायचा प्रसाद ठेवावा तसा बाजूला, डब्याशेजारी ठेवला. मग फ्रेम उलटी केली, मागच्या खिळ्या नखानं वळवल्या, वर्तमानपत्र सोडलं आणि आत फोटो बसवला. मापात बसला. स्टुडिओत मोठा करून आणलेला फोटो होता. कधीतरी काढून आणला असणार आणि सासूच्या नजरेआड कुठेतरी ठेवला असणार. फ्रेम परत खुर्चीवर टेकवली, दिवा पुढे सरकवला, आणि माझ्या शेजारी, जिथे घरच्या बायका बसतात तिथे, डोक्यावरून पदर घेऊन ती बसली.

फोटोत भास्कर खिलारे इस्त्रीचा शर्ट घालून, जरा घाबरून, कॅमेऱ्याकडे बघत होता.

कुणी ओरडलं नाही. डिंगरे तलाठी नुकतेच बसत होते, ते अर्ध्यातूनच वर झाले. "दूध तापत ठेवून आलोय," ते कुणाला तरी म्हणाले. त्यांच्या घरी दूध सून तापवते. कुमठेकर काकूंना लेकीचा फोन यायचा होता. एकेक करत सगळे उठले. पहिल्या दिवशी ज्या माणसांनी शांतपणे, न चुकता आपापली चप्पल ओळखली होती, ती आता दुसऱ्यांच्या चपलांत पाय घालत होती. पाहता पाहता सतरंजी रिकामी झाली आणि गुगळेशेठच्या दुकानाचं नाव सगळ्यांना वाचता येऊ लागलं.

गर्दी गेली मात्र नव्हती. ती मागे सरून दुकानांच्या पायऱ्यांवर उभी होती. चौकातून जाणारी माणसं मनोऱ्याला लांबून वळसा घालत होती. कंपनीतली पहिली पाळी सुटली होती. सायकलवरून एक कामगार आला, फोटोसमोर थबकला. उतरला. एक पाय चपलेतून बाहेर काढला. शालननं वर पाहिलं. त्यानं पाय परत चपलेत घातला आणि सायकल हातात धरून, तिच्यावर न बसता, चालत निघून गेला.

गुगळेशेठ आले. येताना त्यांना धाप लागली होती.

"शालन, काय मांडलंयस हे?"

"मी कुठं मांडलं, शेठ? तुमीच मांडलंय. मी फकस्त फोटो लावला."

"अगं, हा कार्यक्रम आहे. कंपनीनं केलेला कार्यक्रम आहे!"

"म्हाईत हाये. काल साहेब बसले व्हते की इथं. हात जोडले. मी पाह्यलं ना समोरून. मंग आज काय झालं?"

"काल फोटोत कुणी नव्हतं गं!" गुगळेशेठ कळवळून म्हणाले.

रेवती कॅमेरा छातीशी धरून उभी होती. "शेठ, एक मिनिट. म्हणजे लोकांची प्रतिक्रिया हाच याचा भाग आहे. पण..." ती शालनकडे वळली. "मावशी, फ्रेम रिकामी असणं, हीच कृती होती. त्यात एका विशिष्ट माणसाचा फोटो आला की ते सगळं..."

"सगळं काय, ताई?"

रेवतीनं कॅमेरा बंद केला. लाज वाटून केला की भीती वाटून, हे मला तेव्हाही कळलं नाही.

मग हवालदार तांबट आले. आज मोटारसायकलवरून उतरून आले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांची मेहुणी शालनच्या आळीत राहायची.

"बाई, उठा. असं करता येत नाही."

"का?"

"तुमच्याच सासूबाईंनी नोंद केलीय, हरवला म्हणून. हरवलेल्या माणसाला दिवा लावता येत नाही. हरवलेल्याचा फोटो लावायचा तर खाली 'आढळल्यास कळवावे' असं लिहावं लागतं. आणि कपाळाला कुंकू आहे तुमच्या. मग हा माणूस गेला, असं आम्ही कसं धरायचं?"

शालननं सतरंजीवर हात फिरवला, समोरच्या रिकाम्या जागेवर, एखाद्याला पाट मांडावा तसा.

"तुमी बसा," ती म्हणाली. "मंग पुसते."

तांबटांनी दुकानांच्या पायऱ्यांकडे पाहिलं. पायऱ्यांवरच्यांनी मनोऱ्याकडे पाहिलं, जिथे घड्याळ नव्हतं. तांबटांच्या पायात बूट होते. ते काढायला वेळ लागला असता. पण काल साहेबांनीही काढलेच होते.

"मी ड्युटीवर आहे, बाई," ते म्हणाले.

गुगळेशेठ माझ्या कानाशी वाकले. "सर, तुम्ही तरी उठा. तुम्ही उठलात की कार्यक्रम संपला असं जाहीर करतो. मग बसू दे तिला बसायचं तेवढं. एकटीच बसेल ना." मी हललो नाही. ते रेवतीवर वैतागले, "अहो, यांना आता बोलायला सांगा!" रेवती महोत्सवाच्या जीपकडे निघून गेली. मग ते तांबटांना म्हणाले, "राहू द्या. सहाला सगळं आवरायचंच आहे. हात लावून गाजावाजा नको." आणि लाउडस्पीकरवरून जाहीर झालं की पुढचा कार्यक्रम शाळेच्या मैदानावर असून नागरिकांनी तिकडे प्रस्थान करावं. नागरिकांनी प्रस्थान केलं. इतक्या तत्परतेनं आमचं गाव एरवी पंगतीलाही उठत नाही.

चौकात आम्ही दोघं उरलो, आणि लांब जीपपाशी रेवती.

मैदानावरून लेझमाचा आवाज यायला लागला. उदबत्ती संपली होती. शालन समोर बघत बसली होती, अजून कुणी येईल तर जागा असावी अशा बेतानं.

"सर, तुमाला बोलायचं न्हाई ना?" ती बऱ्याच वेळानं म्हणाली. "असू द्या. बसून हायसा, लई झालं."

मी उठलो. तिला वाटलं, चाललो. तिनं वर पाहिलं नाही. मी सतरंजीच्या बाहेर गेलो, पायांत चपला अडकवल्या, परत काढल्या, आणि पलीकडच्या बाजूनं येऊन तिच्यासमोर मांडी घालून बसलो. भास्करच्या फोटोला नमस्कार केला. काही बोलायचं नसतं तेवढा वेळ बोललो नाही. मग विचारलं,

"काय झालं होतं?"

शालननं पदर सारखा केला. मला वाटलं होतं, ती रडेल, तिला शब्द सुचणार नाहीत. ती सांगायला लागली ती सलग, न अडखळता. मनातल्या मनात कितीदा तरी सांगून झालेलं होतं. विचारणाऱ्याचीच वाट होती.

"त्या दिवशी सकाळी च्या घेतला न्हाई त्यांनी. दूध नासलं व्हतं. म्या म्हनलं, कोरा घ्या. न्हाई म्हनले, आल्यावर घेतो. भाकरी बांधून दिली, मेथीची भाजी आन भाकरी. जाताना म्हनले, आज मोठी टाकी हाये, येळ व्हईल."

"शेवटचं तेच बोलणं?"

"तेच. येळ व्हईल." तिनं दिव्याची वात पुढे केली. "दुपारी किसन आला. आत्ता सायकलवर आल्ता न्हवं का, तो. बरुबर कामाला व्हता. घरात आला न्हाई. उंबऱ्याच्या भायेर चपला ठिवल्या, कागदात गुंडाळून. म्हनला, टाकीच्या कडंला व्हत्या, वहिनी. आत वास लई सुटलाय, कुनी उतराया तयार न्हाई. आन गेला. दुसऱ्या दिवशी त्योच म्हनला, मी भास्करला पाह्यलाच न्हाई."

"चपला आहेत?"

"हायेत. फौजदाराला दाखवल्या. ते म्हनले, चपला कुनाच्याबी असत्यात. चपला काढून कोन पळून जातं, सर? अनवानी?"

इथे डिंगऱ्यांसारखं 'सुटले' म्हणायची पद्धत असते.

"टाकी उपसली होती का नंतर?"

"न्हाई. वास मारती म्हनून बुजवून टाकली. डंपरनं माती आनली बाहेरून. मंग दिवाळी झाल्यावर गुलाबं लावली."

मैदानावर टाळ्या पडत होत्या. मी डब्याशेजारी ठेवलेल्या हाराकडे पाहिलं. ती तिकडेच बघत होती.

"त्यो हार मी घरी न्हेनार हाये," शालन म्हणाली. "कुनाला इचारायचं का?"

"कुणाला नको."

पुढचं सगळं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. महोत्सवाच्या अहवालात 'नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' असं छापून आलं, वर हात जोडलेल्या साहेबांचा फोटो. पुढच्या वर्षी कलेऐवजी रांगोळी स्पर्धा ठेवली. रेवतीनं पुण्याहून मला एक लांबलचक पत्र लिहिलं; त्यात बरेच प्रश्न होते, पण ते मला नव्हते. माझे तास नव्या इमारतीतून जुन्या इमारतीत हलवले गेले. तिथे पंखा नव्हता, बाकी भूगोल तोच होता. पोलिसांच्या दप्तरी भास्कर हरवलेलाच राहिला. हरवलेला माणूस मेला, याची कायद्याला खात्री पटायला सात वर्षं लागतात, आणि तोवर कंपनीनं नाव बदललं होतं. बाग मात्र अजून आहे. शाळेच्या सहली जातात.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डिंगरे तलाठी नेहमीसारखे कोथिंबीर घ्यायला गेले. शालनच्या कपाळाकडे न बघता त्यांनी जुडी उचलली. विचारायची सवय अशी की तोंडातून निघून गेलं, "काही पत्ता?" शालन म्हणाली, "लागला." डिंगऱ्यांनी जुडी पिशवीत टाकली आणि वरच्या मिरच्या न घेताच निघाले. हे त्यांनीच मला सांगितलं, फार वर्षांनी, ते स्वतः अंथरुणाला खिळले आणि मी त्यांना बघायला गेलो तेव्हा.

पण त्या संध्याकाळी यातलं काही झालेलं नव्हतं. सांगून संपल्यावर शालननं पदराचं टोक डब्यातल्या पाण्यात बुडवलं आणि कपाळ पुसलं. एकदा पुसून गेलं नाही, पुन्हा पुसलं. मी मनोऱ्याकडे बघत राहिलो. तिनं पदर पिळला, हार उचलून ओटीत घेतला, आणि समाचाराला आलेल्या माणसाकडे घरची माणसं बघतात तसं माझ्याकडे पाहिलं. आता बसून काही उपयोग नाही आणि उठलात तरी राग नाही, असं.

मी उठलो. चपला घातल्या. येतो म्हटलं नाही.

तिनंही या म्हटलं नाही.